वेदनेची गोळी आणि रक्ताचा बांध

आमच्या मामांना जेवणानंतर सुपारी कातरण्याचा पन्नास वर्षांचा सराव आहे. अडकित्ता हातात असला म्हणजे त्यांची नजर वर्तमानपत्रावर असली तरी सुपारीची खांडे तबकात एकसारखी पडत राहतात. गेल्या दिवाळीच्या सुमारास मात्र एके दुपारी अडकित्त्याचे पाते सुपारीवरून निसटले आणि त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या टोकाला गव्हाच्या दाण्याएवढी चीर पडली. मामींनी घरच्या शिरस्त्याप्रमाणे हळदीची चिमूट दाबली व वर जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली. ती चिंधी भिजली, दुसरी बांधली, तीही भिजली, आणि वीस मिनिटे उलटून गेली तरी तबकाच्या कडेवर थेंब पडतच राहिले. "अहो, एवढ्याशा चिरेला एवढं रक्त?" असे म्हणत मामींनी शेजारच्या डॉक्टरांना बोलावून आणले. डॉक्टरांनी अंगठा उंच धरून घट्ट दाबून ठेवला आणि पहिला प्रश्न केला तो गुडघ्याविषयी. "मामा, गुडघ्यासाठी सध्या काय घेता?" मामा दहा दिवसांपासून दुकानातून आणलेली ॲस्पिरिनची गोळी घेत होते, आणि ही गोष्ट घरात कोणासही ठाऊक नव्हती.

डॉक्टर उठून जातात न जातात तोच माझ्या मामेबहिणीने मला एक प्रश्न घातला. तिला मासिक पाळीच्या दिवसांत पोटदुखी व अतिरक्तस्राव यांचा त्रास होतो, आणि त्यासाठी तिला मेफेनॅमिक अम्लाची गोळी लिहून दिलेली आहे. ती घेतली म्हणजे दुखणेही उतरते व रक्तस्रावही कमी होतो. "दादा, दोन्ही गोळ्या एकाच कुळातल्या ना? मग बाबांचं रक्त जिच्यामुळे थांबेना, तिच्याच बहिणीनं माझं कमी कसं होतं?" या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नव्हते. ते नीट द्यावयाचे तर रक्त कसे थांबते येथपासून प्रारंभ करावा लागतो, आणि म्हणूनच हा लेखनप्रपंच.

फुटलेला बांध आणि धावून येणारी कुमक

शरीरातील रक्तावर दोन परस्परविरोधी कर्तव्ये सोपविलेली आहेत: वाहिन्यांच्या आत असेतोवर त्याने अखंड वाहिले पाहिजे, आणि वाहिनी फुटताच त्याच ठिकाणी, तेवढ्यापुरते, घट्ट झाले पाहिजे. उसाच्या मळ्यातील पाटाचा बांध रात्री फुटला म्हणजे शेतकरी जे करतो, तेच शरीर तीन पायऱ्यांनी करते. प्रथम वरच्या अंगाला पाणी आवळावे, तशी फुटलेली वाहिनी स्वतःच आकुंचन पावते. नंतर हाताला लागतील ती ढेकळे व पोती टाकून फूट तात्पुरती बुजवावी, तसे बिंबाणू, ज्यांना आपण दवाखान्यात सर्रास प्लेटलेट म्हणतो, जखमेच्या कडेला चिकटतात. शेवटी त्या ढेकळांवर चिखलाचा गिलावा चढवावा, तशी फायब्रिन नावाच्या चिवट तंतूंची जाळी त्या बिंबाणूंवर विणली जाते.

बिंबाणू म्हणजे अस्थिमज्जेतील महाकाय पेशींपासून सुटलेले सूक्ष्म तुकडे. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये ते दीड लाख ते साडेचार लाख असतात, आणि प्रत्येकाचे आयुष्य अवघे 7 ते 10 दिवसांचे. एरवी ते चपट्या तबकड्यांसारखे निमूट वाहत असतात. परंतु वाहिनीचे अस्तर फाटून आतील तंतू उघडे पडले की पहिले काही बिंबाणू तेथे चिकटतात, त्यांना काट्यांसारखे फाटे फुटतात, आणि आपल्या पोटातील काही द्रव्ये बाहेर टाकून ते वाहत्या रक्तातील इतर बिंबाणूंना हाका मारू लागतात. या हाका अनेक प्रकारच्या आहेत, आणि त्यांपैकी एका महत्त्वाच्या हाकेचे नाव आहे थ्रॉम्बॉक्झेन. तिने कुमक धावून येते व तेथील वाहिनीही अधिक आवळली जाते. मामांच्या अंगठ्यात बंद पडली होती ती नेमकी हीच हाक.

एक जाते, घरोघरची वेगळी भाकरी

ही हाक तयार कशी होते, हे समजण्यास घरातील जात्याइतका सोयीचा दृष्टान्त दुसरा नाही. आपल्या बहुतेक पेशींच्या आवरणात एक स्निग्ध अम्ल साठवलेले असते. त्याला ॲराकिडॉनिक अम्ल म्हणतात. पेशीला इजा झाली अथवा चेतना मिळाली की हे धान्य कोठीतून सुटे होते आणि एका वितंचकाच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या, तोंडात पडते. या वितंचकाचे नाव सायक्लोऑक्सिजनेज. शास्त्रज्ञ त्याला संक्षेपाने 'कॉक्स' म्हणतात. जात्याच्या वरच्या तळीला जसे धान्य घालण्याचे तोंड असते, तशीच या वितंचकालाही एक अरुंद नळीसारखी वाट असते, आणि तिच्यातून आत शिरल्यावाचून अम्लाचे दळण होत नाही.

दळलेले पीठ एकच. परंतु त्याची कोणी भाकरी थापतो, कोणी थालीपीठ लावतो, कोणी आंबील करतो. बिंबाणू त्या पिठापासून थ्रॉम्बॉक्झेन करतात, जे रक्त गोठविण्यास साहाय्य करते. रक्तवाहिन्यांचे अस्तर त्याच पिठापासून प्रोस्टासायक्लिन करते, जे नेमके उलट, म्हणजे बिंबाणूंना शांत ठेवण्याचे व वाहिनी सैल करण्याचे काम करते. जठराची भिंत त्यापासून स्वतःच्या रक्षणाची प्रोस्टाग्लँडिने बनवते. आणि सुजलेला सांधा त्यापासून जी प्रोस्टाग्लँडिने बनवतो, त्यांच्या योगाने ठणका, उष्णता व सूज वाढते. मामांचा गुडघा दुखत होता तो या शेवटच्या घरच्या दळणामुळे. गोळी मात्र पोटातून रक्तात आणि रक्तातून सर्व शरीरात जाते. गुडघ्याचे जाते कोणते आणि बिंबाणूचे कोणते, हे पाहून थांबण्याची सोय तिच्यापाशी नाही.

ॲस्पिरिनची कुळकथा झाडाच्या सालीपासून सुरू होते: वाळुंजाच्या कुळातील झाडाच्या सालीने ताप उतरतो, हे एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने 1763 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले होते. शुद्ध व टिकाऊ स्वरूपातील ॲस्पिरिन 1897 मध्ये जर्मनीत बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले आणि 1899 पासून विक्रीस आले. म्हणजे अब्जावधी गोळ्या माणसांच्या पोटात गेल्या, तरी त्या नेमके काय करतात याचा उलगडा व्हावयास 1971 साल उजाडावे लागले. त्या वर्षी जॉन व्हेन या ब्रिटिश औषधशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, ॲस्पिरिन व तिच्या जातीची औषधे प्रोस्टाग्लँडिनांची निर्मितीच थांबवतात. या क्षेत्रातील संशोधनासाठी 1982 चे नोबेल पारितोषिक व्हेन, सुने बर्गस्ट्रोम आणि बेंग्ट सॅम्युएलसन या तिघांना विभागून मिळाले.

लाख आणि खडा

जात्याचे तोंड बंद करण्याचे मार्ग दोन. वितळलेली लाख ओतली तर ती आत घट्ट बसते व ते जाते कायमचे निकामी होते. खडा अडकला तर तो असेपर्यंत दळण थांबते, आणि तो निघून गेला की जाते पुन्हा पूर्ववत फिरू लागते. ॲस्पिरिन ही लाख आहे. ती आपल्या रेणूचा एक लहानसा अंश वितंचकाच्या वाटेत कायमचा चिकटवून ठेवते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक अम्ल इत्यादी उर्वरित दाहशामक औषधे, म्हणजे ठणक्याबरोबर सूजही उतरवणारी औषधे, हे खडे आहेत.

येथे बिंबाणूचे एक वैगुण्य ध्यानी घेतले पाहिजे. शरीरातील बहुतेक पेशींना केंद्रक असते. केंद्रक म्हणजे जणू घरचाच पाथरवट. एक जाते निकामी झाले तर तो दुसरे घडवून देतो. बिंबाणू हा पेशीचा सुटा तुकडा असल्यामुळे त्याला केंद्रक नाही, आणि म्हणून जन्मतः मिळालेल्या जात्यावरच त्याला उभा जन्म काढावा लागतो. ॲस्पिरिन रक्तात स्वतःच्या रूपाने फार वेळ टिकत नाही. सुमारे 20 मिनिटांत तिचे प्रमाण निम्म्यावर येते. तरीही तेवढ्या अवधीत ज्या बिंबाणूंच्या जात्यात लाख शिरली, ते मरेपर्यंत थ्रॉम्बॉक्झेनची हाक मारू शकत नाहीत. अस्थिमज्जा रोज सुमारे एकदशांश बिंबाणू नवे भरते. म्हणून गोळी थांबवल्यावर निम्मे सैन्य नवे होण्यास चार-पाच दिवस लागतात, आणि संपूर्ण पालट होण्यास आठवडा ते दहा दिवस.

उलटपक्षी आयबुप्रोफेनचा खडा काही तासांतच निघून जातो, आणि निरोगी माणसात शेवटच्या गोळीनंतर एका दिवसाच्या आत बिंबाणू पूर्ववत काम करू लागतात. नॅप्रोक्सेनचा अंमल त्याहून लांब, दोन-तीन दिवसांचा असतो. पायरॉक्सिकॅमचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यावयास सुमारे 50 तास लागत असल्यामुळे त्याचा प्रभाव कित्येक दिवस टिकतो. पॅरासिटामॉल हे ताप व दुखणे उतरवीत असले तरी सूज फारशी उतरवीत नाही आणि नेहमीच्या मात्रेत बिंबाणूंच्या जात्याला जवळजवळ हातही लावत नाही. म्हणून रक्तस्रावाच्या दृष्टीने ते या कुळाबाहेरचे समजावे. त्याची मात्रा ओलांडली तर मात्र यकृताला गंभीर धोका संभवतो.

ॲस्पिरिनच्या कुळातील औषधांना लोक 'रक्त पातळ करणारी' म्हणतात, पण तो शब्द फसवा आहे. रक्ताचा दाटपणा होता तसाच राहतो. कमी होते ती हाक. शिवाय बिंबाणूंच्या इतर हाका आणि फायब्रिनची जाळी शाबूत असल्यामुळे निरोगी माणसाचे रक्त उशिराने का होईना, पण थांबते. मामांचेही पाऊण तासाने थांबलेच.

जठराच्या भिंतीवरील गिलावा

अंगठ्यातील रक्त डोळ्यांना दिसते. जठरातील दिसत नाही, आणि या औषधांचा खरा धोका तेथेच अधिक आहे. जठरातील अम्ल मांस पचवू शकते, मग ते जठराला स्वतःला का पचवत नाही? कारण भिंतीवर श्लेष्म्याचा एक लेप असतो, त्या लेपात अम्ल शमवणारा क्षार झिरपत असतो, आणि खाली रक्ताचा पुरवठा भरपूर राहून झीज लागलीच भरून निघते. या तिन्ही गोष्टींचा बंदोबस्त प्रोस्टाग्लँडिनांकडे आहे. जाते थांबले की लेप विरळ होतो, भिंतीला ओरखडे पडतात, कधी व्रण होतो. आणि व्रणाने एखादी रक्तवाहिनी गाठली तर ती बुजवण्यास यावयाचे बिंबाणूही त्याच गोळीने मुके झालेले असतात. एकाच हाताने भिंत कमकुवत करावी व दुसऱ्या हाताने गवंड्याला अडवून धरावे, असा हा प्रकार होय.

अनेकांची अशी समजूत असते की, गोळीऐवजी इंजेक्शन घेतले अथवा आवरण चढवलेली गोळी घेतली म्हणजे जठर सुरक्षित राहते. परंतु हा परिणाम मुख्यत्वे रक्तामार्फत होत असल्यामुळे वाट बदलली तरी धोका टळत नाही. आणखी कठीण गोष्ट अशी की, वेदनाशामक गोळीखाली व्रणाची वेदनाही झाकली जाते, आणि कित्येक रुग्णांत पहिली खूण दिसते ती डांबरासारख्या काळ्या, चिकट शौचाची. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळसर होतो हे खरे. तथापि दाहशामक गोळी घेणाऱ्या माणसाने असा रंग दिसताच, अथवा उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा गाळ दिसताच, तातडीने इस्पितळ गाठावे.

दुसऱ्या जात्याचा शोध

1990 च्या दशकाच्या प्रारंभी असे आढळून आले की, जाती दोन आहेत. पहिले, कॉक्स-1, जठरात व बिंबाणूंत बारमाही चालते. दुसरे, कॉक्स-2, मुख्यतः दाह असेल तेथे गरजेनुसार मांडले जाते. मग केवळ दुसऱ्याच जात्यात अडकेल असा खडा शोधावा, ही कल्पना साहजिकच पुढे आली आणि सेलेकॉक्सिब, रोफेकॉक्सिब अशी औषधे तयार झाली. त्यांनी बिंबाणूंच्या हाकेला धक्का लावला नाही, जठरातील व्रणही कमी झाले. परंतु रक्तवाहिनीच्या अस्तरात प्रोस्टासायक्लिन तयार होते ते बऱ्याच अंशी या दुसऱ्या जात्यावर. तराजूच्या एका पारड्यातील थ्रॉम्बॉक्झेन तसेच राहिले व दुसऱ्यातील प्रोस्टासायक्लिन घटले, तेव्हा काटा गुठळीकडे झुकला. हृदयविकाराचे झटके व पक्षाघात यांचे प्रमाण वाढल्याचे दिसून आल्यावर रोफेकॉक्सिब 2004 च्या सप्टेंबरात जगभरच्या बाजारातून मागे घेण्यात आले. रक्तस्राव टाळण्याची किंमत गुठळीच्या रूपाने द्यावी लागू शकते, हा धडा वैद्यकाला त्या प्रकरणाने दिला.

दोषातून निघालेला उपयोग

याच तराजूचा दुसरा बाजूने उपयोग करण्याची कल्पना कॅलिफोर्नियातील लॉरेन्स क्रेवेन या डॉक्टरला 1940 च्या दशकात सुचली. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर घसादुखीसाठी ॲस्पिरिनयुक्त च्युइंगम चघळणाऱ्या रुग्णांना अधिक रक्तस्राव होतो, असे त्याच्या नजरेस आले. आणि जे औषध जखमेतील रक्त गोठू देत नाही, ते हृदयाच्या धमनीतील घातक गुठळीही होऊ देणार नाही, असा तर्क त्याने बांधला. 1950 मध्ये त्याने तो प्रसिद्ध केला. परंतु औषध न घेणाऱ्यांशी रीतसर तुलना नसल्यामुळे त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. पुढे 1988 मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या 17 हजारांहून अधिक रुग्णांवरील मोठ्या चाचणीत ॲस्पिरिनने पहिल्या पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू एकपंचमांशाहून अधिक घटल्याचे सिद्ध झाले.

आज हृदयरोग्यांना रोज 75 मिलिग्रॅमची लहान गोळी दिली जाते ती याच आधारावर. मात्रा लहान असली तरी लाख रोज थोडी थोडी साचते. केंद्रक असलेली अस्तराची पेशी नवे जाते मांडते, बिंबाणू मात्र मांडू शकत नाही. मात्र हा लाभ पाहून धडधाकट माणसाने स्वतःच्या मनाने गोळी सुरू करू नये. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 19 हजारांहून अधिक निरोगी वृद्धांवरील चाचणीत रोजच्या ॲस्पिरिनने हृदयविकार विशेष टळले नाहीत; गंभीर रक्तस्राव मात्र शंभरांतील 2.8 वरून 3.8 वर गेला.

येथे लाख व खडा यांचा एक व्यवहारोपयोगी संबंध सांगितला पाहिजे. हृदयासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्याने तिच्याआधी थोडाच वेळ आयबुप्रोफेन घेतले, तर जात्याच्या तोंडात खडा बसलेला असतो व लाख आत शिरूच शकत नाही. खडा निघेपर्यंत लाख रक्तातून नाहीशी झालेली असते, आणि हृदयाचे संरक्षण त्या दिवसापुरते हुकते. म्हणून दोन्ही घ्यावयाच्या असल्यास वेळेचे अंतर डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

मामेबहिणीच्या प्रश्नाचे उत्तर

आता मूळ कोड्याकडे वळू. अंगठ्याच्या चिरेत रक्त थांबवण्याचा मुख्य भार बिंबाणूंच्या बुचावर असतो, म्हणून हाक बंद पडताच स्राव लांबतो. गर्भाशयाच्या अस्तरात मात्र वाहिन्यांच्या आकुंचनाला फार मोठे महत्त्व आहे. ज्या स्त्रियांना अतिस्राव होतो, त्यांच्या अस्तरात वाहिन्या सैल करणारी प्रोस्टाग्लँडिने अधिक आढळतात. तेथील जाते मंदावले की वाहिन्या आवळतात व स्राव साधारणतः चौथ्या-पाचव्या हिश्श्याने, कधी त्याहूनही अधिक, घटतो. गर्भाशयाच्या स्नायूंना पेटके आणणारी प्रोस्टाग्लँडिनेही याच जात्यावरची असल्यामुळे दुखणेही सोबतच शमते. बिंबाणूंवर थोडा परिणाम तेथेही होतोच. परंतु नफा तोट्याहून मोठा ठरतो. गोळीचा गुणधर्म दोन्ही ठिकाणी एकच होता. ज्या घरी जाते थांबले, त्या घरची भाकरी निराळी होती.

कोणी विशेष सांभाळावे

पावसाळ्यात व त्यानंतर डेंग्यूचा फैलाव होतो, तेव्हा हे ज्ञान प्रत्यक्ष प्राणरक्षक ठरते. डेंग्यूत बिंबाणूंची संख्या घसरते आणि सूक्ष्म वाहिन्या झिरपू लागतात. अशा वेळी उरलेल्या बिंबाणूंनाही मुके करणारी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन अथवा डायक्लोफेनॅक घेणे म्हणजे तुटपुंज्या पहाऱ्यातील शिपायांची तोंडे बांधणे होय. ताप कशाचा हे निश्चित होईपर्यंत पॅरासिटामॉलच, तेही ठरलेल्या मात्रेत, घ्यावे. मुलांना तर तापात ॲस्पिरिन देऊच नये; तिच्यामुळे त्यांच्यात मेंदू व यकृत यांचा एक दुर्मीळ पण घातक विकार उद्भवू शकतो.

वार्धक्य, पूर्वी झालेला जठरव्रण, स्टेरॉइड, वॉरफरिनसारखी गोठणरोधक औषधे, नैराश्यावरील काही गोळ्या, मद्य, आणि एकाच वेळी दोन दाहशामके यांच्या योगाने धोका गुणाकाराने वाढतो. सर्दी-अंगदुखीच्या जोडगोळ्यांत यांतील एखादे औषध दडलेले असू शकते, म्हणून वेष्टनावरील नाव वाचण्याची सवय असावी. शस्त्रक्रिया अथवा दात काढणे असेल तर आपण काय घेतो हे आधी सांगावे. परंतु हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन आपल्या मनाने कधीही बंद करू नये, कारण ती अकस्मात थांबवल्याने होणारी गुठळी दाताच्या रक्तस्रावाहून कितीतरी भयंकर असते.

थोडक्यात (चौकट)

- दाहशामक गोळ्या कॉक्स हे वितंचक थांबवतात. त्यामुळे वेदना, जठराचे रक्षण व बिंबाणूंची हाक या तिन्हींवर एकदम परिणाम होतो.
- ॲस्पिरिनचा बिंबाणूंवरील परिणाम कायमचा असतो व नवे बिंबाणू येईपर्यंत, म्हणजे आठवडा ते दहा दिवस, टिकतो. आयबुप्रोफेनचा परिणाम सुमारे एका दिवसात ओसरतो.
- पॅरासिटामॉलचा बिंबाणूंवर नगण्य परिणाम होतो. डेंग्यूच्या शंकेत तेच घ्यावे.
- काळे, चिकट शौच अथवा रक्ताची उलटी झाल्यास विलंब न करता इस्पितळात जावे.
- हृदयासाठीची ॲस्पिरिन डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून थांबवू नये आणि सुरूही करू नये.

पानाच्या डब्यातील चिठ्ठी

वेदना हरण करणारे औषध ही मानवाला लाभलेली फार मोठी देणगी आहे, आणि तिच्याविषयी भय बाळगण्याचे कारण नाही; मात्र ती आपल्या देहातील कोणकोणत्या घरची जाती थांबवते, हे जाणून घेण्याची जबाबदारी आपली आहे. त्या दिवशी डॉक्टरांना गुडघ्याविषयी विचारावे लागले, कारण अंगठ्याचे उत्तर गुडघ्याच्या गोळीत होते आणि ती गोळी कोणाच्याच हिशेबात नव्हती. मामांनी त्यानंतर एक लहानशी चिठ्ठी केली. तिच्यावर गोळीचे नाव, कशासाठी, कोणत्या तारखेपासून, कोणत्या तारखेपर्यंत, असे चार रकाने त्यांच्या टपोऱ्या अक्षरात आखलेले आहेत, आणि ती पानाच्या डब्यात अडकित्त्याखाली घडी करून ठेवलेली असते. परवा दात काढावयास निघाले तेव्हा त्यांनी ती चिठ्ठी आठवणीने खिशात घातली.